मदत हवी आहे : नेदरलँड्सच्या द्राक्ष आयातीचे आकडे जुळत नाहीत

कादवाकाठ
नेदरलँड्सच्या बाजारपेठेवर अहवाल करायचा आहे. माल ताजी द्राक्षं, एचएस कोड (मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा क्रमांक) ०८०६१०. वाणिज्य मंत्रालयाच्या ट्रेडस्टॅट या संकेतस्थळावरून भारताची २०२२-२३ आणि २०२३-२४ ची निर्यात घेतली, यूएन कॉमट्रेड या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार माहितीसाठ्यावरून नेदरलँड्सने नोंदवलेली भारताकडची आयात घेतली. ना वजन जुळतं, ना किंमत. शिवाय एकूण आयातीला लोकसंख्येने भागलं की माणशी खप पटण्यापलीकडचा येतो. कुठला आकडा धरू? देशातला खरा खप आणि जीडीपी, महागाई कुठून घेऊ? फुकट स्रोतच हवे आहेत.

आकडेमोड
आधी वर्ष तपासा. ट्रेडस्टॅटचं वर्ष एप्रिल ते मार्च, कॉमट्रेडचं जानेवारी ते डिसेंबर. इतर मालात हा फरक थोडाफार खपून जातो, द्राक्षात अजिबात नाही. आपला हंगाम जानेवारी ते एप्रिल, म्हणजे ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं तेव्हा हंगाम ऐन भरात असतो आणि एकाच हंगामाचा माल दोन वर्षांत विभागला जातो. ट्रेडस्टॅटच्या मासिक विभागातून महिन्यावार आकडे काढा आणि जानेवारी ते डिसेंबर बेरीज स्वतः करा.

महिन्यावार तुलना करताना जहाजाचा प्रवासही धरा. मार्चमध्ये निघालेला कंटेनर युरोपच्या नोंदीत एप्रिलमध्ये येतो. डिसेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, त्यामुळे २०२४ च्या हंगामात हे अंतर आणखी वाढलेलं दिसेल.

किंमत जुळणारच नाही. निर्यात एफओबी नोंदतात, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतच्या किमतीला, आयात सीआयएफ, म्हणजे भाडं आणि विमा धरून. शीतकंटेनरचं भाडं मोठं असल्याने द्राक्षात ही तफावत ठळक दिसते. म्हणून जुळवणी वजनावर करा आणि किंमत फक्त कल पाहायला वापरा.

वजनाची एककं : ट्रेडस्टॅटवर प्रमाण हजारांत असतं, म्हणून किलोच्या मालात १ म्हणजे १ टन. कॉमट्रेडवर निव्वळ वजन किलोत. युरोस्टॅट या युरोपीय संघाच्या (ईयू) सांख्यिकी कार्यालयाच्या कॉमेक्स्ट या व्यापार माहितीसाठ्यात १०० किलोच्या एककात, त्याला १० ने भागलं की टन.

कोडसुद्धा सहा आकड्यांपर्यंतच सारखा असतो. पुढचे दोन प्रत्येकाचे आपापले : भारतात ०८०६१०००, युरोपात खाण्याची द्राक्षं ०८०६१०१०. आठ आकड्यांवर तुलना करू नका.

मास_नदी
माणशी खप फुगतो कारण रॉटरडॅम बंदर हे दार आहे, जेवणघर नव्हे. इथे उतरलेला बराच माल जर्मनी, पोलंड, स्कँडिनेव्हियात जातो. यात तीन प्रकार आहेत आणि ते वेगळे ओळखता आले पाहिजेत.

पहिला, निव्वळ पारगमन. माल रॉटरडॅमला उतरला, पण सीमाशुल्क जर्मनीत भरलं. आपल्या निर्यातदाराने कागदावर नेदरलँड्स लिहिलं असेल तर भारताच्या आकड्यात तो धरला जातो, डच आयातीत येत नाही. दुसरा, अर्ध-पारगमन. सीमाशुल्क नेदरलँड्समध्ये भरलं, पण माल परदेशी मालकाचाच राहिला. युरोस्टॅट तो डच आयात-निर्यातीत धरतं. डच सांख्यिकी कार्यालय, म्हणजे सीबीएस, आपल्या राष्ट्रीय आकड्यातून वगळतं. तिसरा, पुनर्निर्यात : डच व्यापाऱ्याने माल विकत घेतला आणि फारशी प्रक्रिया न करता पुढे विकला. हा दोन्हीकडे धरला जातो.

त्यामुळे एकच देश, एकच वर्ष आणि तरी युरोस्टॅटचा आणि सीबीएसचा आकडा वेगळा, दोन्ही बरोबर. अहवालात कुठला घेतला ते प्रत्येक तक्त्याखाली लिहा.

भारताच्या बाजूने पडताळणी करायची तर नेदरलँड्स एकटा घेऊच नका. ट्रेडस्टॅटवर २७ ईयू देशांची बेरीज करा आणि कॉमेक्स्टवर 'ईयू २७, २०२०' या गटाची भारताकडची आयात काढा. पारगमनाचा घोळ यात बहुतेक निघून जातो. २८ देशांचा जुना गट निवडलात तर ब्रिटन आत येईल, आणि ब्रिटन आपल्या द्राक्षांचं मोठं गिऱ्हाईक आहे.

आणखी एक. कॉमेक्स्टमध्ये जर्मनीची भारताकडची आयात कमी दिसली तर दचकू नका. ईयूच्या आतल्या व्यापारात तिथे माल पाठवणारा देश धरतात, म्हणून डच मार्गाने आलेलं नाशिकचं द्राक्ष जर्मनीच्या खात्यावर 'नेदरलँड्सकडून' असं पडतं. जर्मनीचं स्वतःचं सांख्यिकी कार्यालय मात्र आयातीला मूळ देश लावतं.

कादवाकाठ
२७ देशांची बेरीज टनात जवळ आली, आभार. पण कॉमट्रेडच्या फायलीत देशांची बेरीज एकूण आयातीच्या बरोबर दुप्पट येते. आणि ०८०६१० ने गाळणी लावली की एकही ओळ सापडत नाही.

आकडेमोड
दुप्पट येते कारण फायलीत 'वर्ल्ड' ही ओळ देशांच्या ओळींसोबतच असते. ती काढून बेरीज करा, मग तिच्याशीच पडताळा. कोड सापडत नाही कारण एक्सेल पुढचा शून्य खातं आणि ८०६१० उरतं. फाईल थेट उघडू नका. 'डेटा' मेनूतून मजकूर फाईल म्हणून आयात करा आणि कोडच्या रकान्याला 'टेक्स्ट' प्रकार द्या. वजन अंदाजाने भरलेलं आहे का, हे दाखवणारा रकाना असतो, तोही तपासा.

लांब मालिका काढणार असाल तर २०१० वेगळं ठेवा. क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रक रसायनाच्या अंशांमुळे त्या हंगामात आपला माल युरोपात अडकला होता. सरासरीत ते वर्ष मिसळलं तर कल चुकीचा दिसेल.

मास_नदी
खपासाठी ढोबळ हिशेब : आयात अधिक स्थानिक उत्पादन, वजा सगळी निर्यात. मात्र आयात आणि निर्यात दोन्ही एकाच स्रोतातून घ्या, नाहीतर अर्ध-पारगमन एका बाजूलाच राहील. ताळ्यासाठी एफएओस्टॅट या अन्न आणि कृषी संघटनेच्या माहितीसाठ्यातला अन्नताळेबंद पाहा. त्यातल्या द्राक्षांच्या नोंदीत वाइन नसते, पण बेदाणा असतो, म्हणून तो आकडा ताज्या द्राक्षांहून जास्त येणार.

जीडीपी वर्ल्ड बँकेच्या विकास निर्देशांकांतून. वाढीचा दर सांगताना स्थिर किमतींची मालिका, इतर देशांशी राहणीमान तोलताना पीपीपी, म्हणजे क्रयशक्तीनुसार जुळवलेली मालिका. चालू डॉलरमधली मालिका वाढीसाठी वापरली तर युरोचा विनिमय दर हलला तरी अर्थव्यवस्था हलल्यासारखी दिसते. पुढच्या वर्षांचे अंदाज आयएमएफच्या एप्रिल आणि ऑक्टोबरच्या अहवालात असतात. कुठल्या वर्षापासून अंदाज सुरू होतो ते प्रत्येक देशासाठी दिलेलं असतं, ते पाहूनच ओळ ओढा. महागाईसाठी युरोस्टॅटचा एचआयसीपी हा ग्राहक किंमत निर्देशांक घ्या, कारण त्यात फळांचा उपनिर्देशांक वेगळा मिळतो आणि तुमच्या विषयाला तोच लागेल.