'व्हेरिएबल एरिया फ्लोमीटर'ला मराठीत काय म्हणावं? (आणि न तरंगणाऱ्या फ्लोटला?)

अनुवादिनी

एका शब्दावर आठवडाभर अडून बसले आहे, म्हणून हा धागा. जलशुद्धीकरण केंद्रातल्या ऑपरेटरांसाठीची एक हस्तपुस्तिका मराठीत करायचं काम हातात आहे. क्लोरिनच्या प्रकरणात 'व्हेरिएबल एरिया फ्लोमीटर' (पाणी किंवा वायू किती वाहतोय ते दाखवणारं यंत्र) आलं. मी 'चल क्षेत्रफळ प्रवाहमापी' लिहिलं. तपासणाऱ्यांनी ते खोडून 'चर क्षेत्र प्रवाहमापक' केलं आणि 'फ्लोट'चा 'प्लवक' केला. आता चर म्हटलं की मला कुदळ-फावडं दिसतं, क्षेत्र म्हटलं की पंढरपूर, आणि प्लवक म्हणजे देवमासा जे गिळतो ते.

परवा आमच्या गावच्या केंद्रावर जाऊन आले. क्लोरिनच्या खोलीत ९०० किलोचे टनर (क्लोरिनच्या मोठ्या टाक्या) आडवे पडलेले, भिंतीवर क्लोरिनेटर (पाण्यात क्लोरिन सोडणारं यंत्र), त्यात काचेची उभी नळी आणि नळीत थरथरणारी एक गोटी, म्हणजेच तो फ्लोट. ऑपरेटरना छापलेलं पान वाचायला दिलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, "मॅडम, हे कुठल्या मशीनचं?" मी नळीकडे बोट केलं. "हे होय! रोटामीटर. ही गोटी ताशी दोन किलोवर ठेवायची, बाकी काय नाही." बोलता बोलता नळीवर टिचकी मारली. का, तर गॅसबरोबर काहीतरी चिकट येतं आणि गोटी काचेला धरून बसते.

तर दोन प्रश्न. यंत्राला काय म्हणू? आणि फ्लोटला काय? सोमवारी मजकूर द्यायचाय.

खटपट्या

रोटामीटर. संपला धागा.

आमच्या कंपनीत कॉम्प्रेसर रूमवर 'संपीडक कक्ष' अशी पाटी आहे. तिच्याखाली कुणीतरी खडूने 'कॉम्प्रेसर' लिहिलंय. खडू पुसला गेला की पुन्हा लिहितात, पाटी कुणी वाचत नाही.

शुद्धमती

खटपट्या, 'महापौर' आणि 'दिनांक' हे सावरकरांचे शब्द आले तेव्हाही लोक हसले होते. आज खडूने 'मेयर' लिहायला कुणी जात नाही. शब्द वापरला तर रुळतो, न वापरताच 'बोजड' म्हणून फेकला तर कसा रुळेल?

अनुवादिनी, तुमचा 'चल' बरोबर आहे. शाळेच्या गणितात आपण 'चल' आणि 'स्थिर' शिकलो. 'चर' हा हिंदीतून आलेला पाहुणा. पण '-मापी' का? तापमापक, पर्जन्यमापक, वायुभारमापक म्हणतो ना आपण?

अनुवादिनी

तापमापीही म्हणतो की. 'दाबमापी' तर पुस्तकांत सर्रास आहे.

शुद्धमती

पुस्तकांत पुष्कळ काही असतं.

मापाडी

माझ्या नावावर कुणी बोलण्याआधी मीच बोलतो. बाजार समितीत धान्य मोजतो तो मापाडी. मापी नाही, मापक नाही. मग 'प्रवाहमापाडी' का नको? नव्या नवरीने उंबऱ्यावर लवंडायचं तेही मापच. इतका चांगला घरचा शब्द असताना शेपट्यांवरून कसली भांडणं?

ढालगज

मापाडी लेवी घेतो, रोटामीटर घेत नाही. 😀

जुना फिटर

नावाचं नंतर बघा, आधी ते चालतं कसं ते तरी कळू दे. 'क्षेत्रफळ' वाचून कुणाला वाटेल की नळीच लहान-मोठी होते.

काचेची नळी आतून निमुळती असते, खाली अरुंद, वर रुंद. पाणी म्हणा, हवा म्हणा, खालून वर जाते. मधे फ्लोट. प्रवाह वाढला की दाब वाढतो आणि फ्लोट वर ढकलला जातो. फ्लोटच्या वरच्या कडेशी काचेवरचा आकडा वाचायचा. गोळी असेल तर मध्यावर वाचायचा. इतकं सोपं आहे.

काटकोन

फिटरकाका, बाकी सगळं बरोबर, पण 'दाब वाढतो' इथे गफलत आहे, आणि नावाची सगळी मेख नेमकी तिथेच आहे.

फ्लोटचं वजन ठरलेलं. त्याला अधांतरी धरायला खालच्या-वरच्या दाबात जेवढा फरक लागतो तोही ठरलेला. प्रवाह वाढला की फ्लोट क्षणभर उचलला जातो, वर नळी रुंद असल्याने त्याच्या भोवतीची फट मोठी होते, जास्तीचं पाणी त्या फटीतून निघून जातं आणि दाबातला फरक पुन्हा होता तेवढाच. म्हणून फ्लोट नव्या जागी थांबतो.

कुकरची शिट्टी आठवा. शिट्टीचं वजन ठरलेलं, म्हणून आतला दाबही जवळपास ठरलेला. गॅस मोठा केला तर दाब वाढत बसत नाही, वाफेला जास्त वाट मिळते. (शिट्टी उडते-बसते, फ्लोट शांत राहतो, एवढा फरक सोडून द्या.)

ओरिफिस प्लेटचं (प्रवाह मोजायला पाइपात बसवलेली भोकाची चकती) बरोबर उलटं. तिथे भोक ठरलेलं, दाबाचा फरक बदलता. प्रवाह दुप्पट झाला की फरक चौपट, म्हणून आकडा काढायला वर्गमूळ. रोटामीटरमध्ये प्रवाह दुप्पट तर फटही साधारण दुप्पट, म्हणून काचेवरच्या रेघा जवळजवळ सारख्या अंतरावर. 'व्हेरिएबल एरिया' म्हणजे ही बांगडीसारखी फट. क्षेत्रफळ हा शब्दच मला तिथे उपरा वाटतो. 'बदलत्या फटीचा प्रवाहमापी' म्हणा.

जुना फिटर

पटलं. तीस वर्षं चुकीचं शिकवत आलो पोरांना. पण रीडिंग कुणाचं चुकलं नाही हो.

शुद्धमती

'फट'? शासकीय पुस्तिकेत?

खटपट्या

दाराला असते, भिंतीला असते, तुमच्या-माझ्या मतांत असते. पुस्तिकेतच तेवढी नको?

अनुवादिनी

'बदलत्या फटीचा' मला आवडलं. वाचल्यावर निदान चित्र तरी उभं राहतं. आता फ्लोट?

काटकोन

फ्लोट हा मुळात फसवा शब्द. पाण्याच्या रोटामीटरमध्ये तो बहुधा स्टेनलेस स्टीलचा, पाण्याच्या आठपट जड. पाणी बंद करा, तळाला जाऊन बसतो. तरंगणारा असता तर वर राहिला असता. त्यामुळे तरंगक, तरंगी, प्लवक हे सगळे शब्द इंग्रजीची चूक मराठीत आणतात. भोपळा बांधून पोहायला शिकलेल्या माणसाला तरंगणं म्हणजे काय ते सांगायला नको.

भोपळेबाज

भोपळा! विहिरीत आम्हाला आजोबांनी दोन सुक्या भोपळ्यांच्या मधे बांधून सोडलं होतं. एक भोपळा चिरलेला निघाला. मी रोटामीटरच्या फ्लोटसारखाच वागलो.

मोडी-तोडी

सगळे 'फ्लोट'वर तुटून पडलेत, 'रोटा'कडे कुणाचंच लक्ष नाही. हा शब्द आपलाच आहे हो. रोटा म्हणजे चाक, फिरणारं. आपला रहाट! रहाट, रोटा, एकच ध्वनी. विहिरीचं पाणी काढणारा रहाट आणि पाणी मोजणारा रोटामीटर. तेव्हा 'रहाटमापी' म्हणा, मूळ घरी परत आणा.

काटकोन

😐

धातुपाठ

मोडी-तोडी, ध्वनी सारखा म्हणून नातं जोडू नका. रहाट आला संस्कृत 'अरघट्ट'वरून, प्राकृतात 'अरहट्ट', त्याचा हिंदीत 'रहट', आपल्याकडे 'रहाट'. त्यातला 'अर' म्हणजे चाकाचा आरा. लॅटिन 'रोटा'शी याचा संबंध नाही.

'रोटा'चा खरा भाऊबंद आपल्याकडे आहे, पण तो 'रथ'. लॅटिन रोटा, जर्मन राड, संस्कृत रथ, तिघांचं मूळ एक. म्हणजे नातं जोडायचंच असेल तर रथमापी म्हणा आणि जगन्नाथाला बसवा.

मोडी-तोडी

रथ तर रथ. परका नाही ना, मग माझा मुद्दा सिद्धच झाला.

धातुपाठ

सिद्ध झाला नाही. तुमचा मुद्दा रहाट होता.

मोडी-तोडी

रहाटाला चाक असतं की नाही?

जुना फिटर

पण फिरतं काय त्यात? आमच्याकडच्या एकाही रोटामीटरचा फ्लोट फिरत नाही. मधे दांडी असते, तिच्यावर वर-खाली सरकतो.

काटकोन

पूर्वी फिरायचा. जर्मनीतल्या आखेनमध्ये कार्ल क्यूपर्स यांनी १९०८ साली फिरत्या फ्लोटचा मीटर शोधला. फ्लोटच्या कडेला तिरप्या खाचा, त्यांतून जाताना प्रवाह त्याला फिरवायचा, आणि फिरता फ्लोट मधोमध राहतो, काचेला घासत नाही. पुढे तिथेच फेलिक्स मायर यांनी 'डॉइचे रोटावेर्के' ही कंपनी काढली. रोटामीटर हे खरं तर व्यापारी नाव. थर्मॉस, डालडा, झेरॉक्स, त्याच रांगेतलं. म्हणजे शुद्धमती, आपण सगळे एका जुन्या कंपनीची फुकट जाहिरात करतोय.

भूलथापा

फिरणारा फ्लोट अजून आहे! भूल देण्याच्या यंत्रात. (नावावरून ओळखलंच असेल, माझं ते पोट भरायचं साधन.) त्याला आम्ही बॉबिन म्हणतो. त्यावर पांढरा ठिपका असतो. ठिपका गरगरताना दिसला की समजायचं, बॉबिन मोकळा आहे, काचेला चिकटलेला नाही. माझ्या एका जुन्या सिस्टर त्याला 'फिरकी' म्हणायच्या. "सर, ऑक्सिजनची फिरकी थांबली." इतकं नेमकं वाक्य मी इंग्रजीत ऐकलेलं नाही.

एक अवांतर. त्या यंत्रात ओळीने नळ्या असतात, त्यात ऑक्सिजनची पेशंटच्या बाजूला, सगळ्यांत शेवटी. आधीची एखादी नळी तडकली तर तो वायू गळेल, ऑक्सिजन नाही.

आणि वॉर्डातल्या भिंतीवर असते ती गोळी, मिनिटाला १५ लिटरपर्यंत. २०२१ च्या एप्रिलमध्ये रात्री दीडला शेजारच्या काकूंचा फोन, "अरे, गोटी वर जातच नाही!" सिलिंडर दिवाणाला टेकवून तिरका ठेवलेला, नळीही तिरकी, गोळी एका बाजूला रेलून बसलेली. म्हटलं, काकू, नळी ओळंब्यात उभी करा. केली. गोटी पाचवर आली. 'प्लवक' म्हणालो असतो तर?

अनुवादिनी

'फिरकी' सुंदर आहे. पण क्लोरिनेटरमधली गोटी फिरत नाही ना?

खटपट्या

ऑपरेटरला 'फिरकी' म्हणालात तर तो म्हणेल, मॅडम, माझी घेताय का.

पाटकरी

आमच्या कोल्हापूरकडं एक मिस्त्री त्याला भवरा म्हणायचे. आकार बघा की, लट्टूच हाय. आणि पाण्यातला भवरा पण भवराच. फिरला तरी नाव बरोबर, नाय फिरला तरी आकार बरोबर. ह्याच्यापेक्षा अजून काय पाहिजे राव?

शुद्धमती

भोवरा. 'भवरा' नाही.

पाटकरी

तुमच्याकडं भोवरा असंल. आमच्याकडं भवराच फिरतो.

भट्टीवाला

गोटी, फिरकी, भोवरा, काही म्हणा, पण पुस्तिकेत एक ओळ घालाच: काचेवरचा आकडा कुठल्या वायूसाठी आणि किती दाबासाठी आहे ते वाचा. ही माझी हात पोळून शिकलेली अक्कल.

धातूच्या उष्णोपचाराच्या भट्टीला नायट्रोजन देतो. रोटामीटरची पट्टी साध्या हवेची, वातावरणाच्या दाबाला बेतलेली. आम्ही तो बसवला वाल्व्हच्या अलीकडे, जिथे निरपेक्ष दाब (वातावरणाचा दाब धरून) ४ बार. गोटी १०० लिटरवर, वहीत १०० लिटर. नायट्रोजन आणि हवा वजनाला जवळपास सारखेच, तिथे फार चुकत नाही, पण दाबाचं वर्गमूळ धरायचं राहिलं. चारचं वर्गमूळ दोन. म्हणजे खरा वापर २०० लिटर. सहा महिने वही आणि बिल जुळेना. गॅसवाल्यावर चोरीचा आळ घेतला, त्याच्याशी बोलणं बंद केलं. शेवटी एका शिकाऊ पोराने पट्टीच्या तळाशी असलेली बारीक अक्षरं वाचून दाखवली. मग पेढे घेऊन गेलो त्याच्याकडे. गॅसवाल्याकडे, पोराकडे नाही. पोराला पगारवाढ.

काटकोन

आणि 'गोटी'ला एक अडचण. कॉस्टिक सोडा, हायड्रोफ्लोरिक आम्ल, वाफ असल्या ठिकाणी काच चालत नाही, धातूची नळी असते. आतला फ्लोट दिसतच नाही. त्यात चुंबक असतो आणि बाहेर काटा हलतो. तिथे ऑपरेटर गोटी बघणार कुठे?

जुना फिटर

तिथं आम्ही काटाच म्हणतो. "काटा अडकला." आत काय अडकलं ते खोलल्यावर कळतं.

मापाडी

काटा! वजनकाटा, धर्मकाटा. बघा, फिरून मापाड्याकडेच आलात.

अनुवादिनी

सोमवार गेला. मजकूर पाठवला. यंत्राला 'रोटामीटर', पहिल्यांदा येतं तिथे पुढे 'म्हणजे बदलत्या फटीचा प्रवाहमापी'. फ्लोटला 'गोटी'. भट्टीवाल्यांची ओळ घातली, ठळक अक्षरांत. आज तपासून परत आला. 'फट'भोवती लाल वर्तुळ, शेजारी 'पर्यायी शब्द?' आणि सगळ्या गोट्यांचे पुन्हा प्लवक झालेत. दोन ठिकाणी 'प्लवके'.

शुद्धमती

'फट' मला खटकलंच होतं. 'विवर' चालेल का?

खटपट्या

विवरात सिंह राहतो.

धातुपाठ

'प्लवके' हे अनेकवचन तरी कुठून आलं? प्लवक नपुंसकलिंगी धरलंय की काय? मग 'ते प्लवक अडकलं' असं म्हणणार?

पाटकरी

मोडी-तोडीसाहेब, रहाटाला मातीची गाडगी बांधतात त्या दोराला तुमच्याकडं काय म्हणतात? आमच्यात माळ म्हणतात. म्हातारीला विचारून सांगतो पक्कं.

मोडी-तोडी

आमच्याकडेही माळच. पण थांबा, 'गाडगं'वर माझी एक व्युत्पत्ती आहे.