मदत हवी आहे: फ्रिजमध्ये दोनशे लेडीबर्ड आहेत, बागेत सोडू की नको?

काटोलकर:
नमस्कार मंडळी. राहतो नागपुरात मानेवाड्याला, संत्र्याची बाग काटोलजवळ. यंदा पानं काळी पडली, चिकटा आला. साळ्याने परस्पर ऑनलाइन मागवून दोनशे लेडीबर्डचा, म्हणजे किडी खाणाऱ्या छोट्या भुंग्यांचा, डबा हातात ठेवला. लेबलवर फक्त ‘विदेशी लेडीबर्ड, रस शोषणाऱ्या किडींचा फडशा’. जात कोणती ते नाही. विक्रेत्याला फोन केला तर म्हणे, सर सोडून द्या, ते बघून घेतात.

सोडणारच होतो, पण रात्री वाचत बसलो आणि झोप उडाली. हार्लेक्विन म्हणून एक लेडीबर्ड आहे, मूळचा चीन-जपान-सैबेरियाकडचा. अमेरिकेत 1916 पासून मावा ही कीड खायला म्हणून अधूनमधून सोडायचे, पण तो टिकत नव्हता. 1988 मध्ये लुइझियानात बस्तान बसवलेला सापडला आणि मग देशभर पसरला. युरोपात हरितगृहांसाठी विकत होते, तिथून सुटला. 2004 मध्ये इंग्लंडात पोचला, तिथे तर त्याला कुणी बोलावलंही नव्हतं. मावा संपला की हा देशी लेडीबर्डची अंडी, अळ्या खातो. थंडीत झुंडीने घरात शिरतो. द्राक्षांसोबत चिरडला गेला तर वाइनची चव जाते.

डब्यातला हाच तर नाही ना? आणि बागेत आधीपासून पिवळे-नारिंगी, पाठीवर नागमोडी काळ्या रेघांचे भुंगे आहेत, ते कोण? लवकर सांगा. डबा फ्रिजच्या दारात दह्याशेजारी आहे आणि सौ.ने रविवारपर्यंतच मुदत दिली आहे.

वऱ्हाडी ठेचा:
काहून एवढं टेन्शन घेऊन राह्यले भाऊ? आमच्याकडं गाजर गवतावर मेक्सिकन भुंगे सोडले होते. गवत खाल्लं, बाकी कोणाले काही केलं नाही. द्या सोडून.

कीटकवेडी:
ठेचाभाऊ, मेक्सिकन भुंगा लेडीबर्ड नाहीच, तो पानं खाणाऱ्या भुंग्यांच्या कुळातला. आणि तो असा डबा उघडून सोडला नव्हता. 1983 मध्ये मेक्सिकोहून बेंगळुरूला आणला, इतर पिकं खातो का ते तपासलं, 1984 मध्ये सोडला. तरी पुढे सूर्यफुलावर दिसला तेव्हा बोंबाबोंब झालीच. गाजर गवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर पडले होते, त्यानं तो भुलला होता.

काटोलकर, डब्यातल्याचा रंग आणि आकार सांगा.

काटोलकर:
मसुरीच्या दाण्याहून लहान. पाठ काळपट, डोकं नारिंगी, पाठीचं मागचं टोकही नारिंगी. ठिपका एकही नाही.

कीटकवेडी:
मग झोपा शांत. तो क्रिप्टोलेमस. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, पण 1898 मध्येच दक्षिण भारतात कॉफीवरच्या किडीसाठी आणलेला, आणि आता आपल्याकडे प्रयोगशाळांत वाढवतात. हार्लेक्विन याच्याहून मोठा, 5 ते 8 मिलिमीटर, आणि डोक्यामागच्या पांढऱ्या भागावर बहुतेकदा इंग्रजी एमसारखी काळी खूण असते. बागेतला नागमोडी रेघांचा भुंगा हा आपला इथलाच, ‘सहा ठिपक्यांचा’ म्हणतात तो लेडीबर्ड, मावा खाणारा. त्याच्यावर फवारणी मारू नका.

क्रिप्टोलेमस अगदीच साळसूद आहे असं नाही. दक्षिण आफ्रिकेत निवडुंग मारायला सोडलेली कोचिनील कीडच त्याने खायला घेतली होती. पण मुख्य खाणं पिठ्या ढेकूण, म्हणजे पांढऱ्या कापसासारखी दिसणारी कीड. हार्लेक्विनसारखं मिळेल ते चापायची त्याला सवय नाही. म्हणून आता माझाच प्रश्न: तुमच्या झाडांवर पिठ्या ढेकूण आहे का? पान उलटून पाहिलंत?

काटोलकर:
आज जाऊन आलो. पांढरा कापूस कुठेच नाही. पानाखाली काळे, चकचकीत, काटेरी ठिपके आहेत.

कीटकवेडी:
ती काळी माशी, तिची पिल्लं. पानांवरची काजळी म्हणजे त्यांच्या चिकट्यावर वाढलेली बुरशी, तीच आपली कोळशी. तुमच्या डब्याचा इथे उपयोग नाही, उडून जातील नाहीतर उपाशी मरतील. एक फांदी पिशवीत बांधून अमरावती रोडवरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत दाखवा. आणि विक्रेत्याला ‘विदेशी’ म्हणजे काय ते विचाराच. जिवंत कीटक बाहेरून आणायला केंद्राचा परवाना लागतो. माझा अंदाज, इथेच वाढवलेला माल आहे आणि ‘विदेशी’ लिहिलं की चार पैसे जास्त मिळतात.

वऱ्हाडी ठेचा:
मंग आता त्या दोनशे पाहुण्याइचं काय करता?

काटोलकर:
सौ.च्या जास्वंदीवर पांढरा कापूस आहे, फांद्या भरून. तिथे चालतील?

कीटकवेडी:
पळतील! पण आधी मुंग्या हटवा. चिकट्यासाठी त्या पिठ्या ढेकणाची राखण करतात आणि भुंग्यांना हुसकावतात. ऊन उतरल्यावर सोडा. पुढे कुंडीत पांढरी, झुबकेदार अळी दिसली तर मारू नका. ती पिठ्या ढेकणासारखीच दिसते, पण असते क्रिप्टोलेमसची. लोक तिच्यावरच औषध मारतात.

काटोलकर:
संध्याकाळी सहाला सोडले. तीसेक डब्यातच मेले होते. बाकीचे जास्वंदीवर चढले, चार-पाच जाळीतून शेजाऱ्यांकडे गेले. सोमवारी फांदी घेऊन अमरावती रोडला जातोय. सौ. विचारतेय, त्या डब्याशेजारचं दही खायचं की फेकायचं?