सेट म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : आमची पोरगी नववीत हाय. पेपरात 'द सन सेट बिहाइंड द हिल' यातल्या सेटचा अर्थ विचारला तं तिनं लिहिलं संच, मार्क गेला. ते म्हणते, गणिताचा पयलाच धडा संच हाय, त्याले इंग्रजीत सेटच म्हणतात ना. सूर्याचा संच होत नाही एवढं मी सांगतलं, पण मंग सेटचा खरा अर्थ काय ते मलेच सांगता नाही आलं. कोणी समजावून सांगा भाऊ.

उत्तर : दादा, पोरीले रागावू नका, कारण हे मुळातच दोन येगळे शब्द हायेत, एकसारखे दिसतात एवढंच. गणितातला सेट, कपबशीचा सेट, हा जुन्या फ्रेंचातून आला, त्याच्या मागं लॅटिनचा सेक्टा, म्हणजे एकामागं चालणारे लोक, पंथ. सूर्यवाला सेट अस्सल इंग्रजी, सिटचा सख्खा भाऊ. सिट म्हणजे बसणं, सेट म्हणजे बसवणं. (संस्कृतातला सद् बी याच कुळातला, आपल्या जिल्हा परिषदेतल्या परिषदमधी तोच बसला हाय.)

1989 च्या ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात या क्रियापदाचे 430 च्या वर अर्थ दिलेत, पाठ कोण करीन? पोरीले म्हणा आधी 'बसवणं' लावून पाय. हाड सेट करणं म्हणजे हाड बसवणं, अंगठीत खडा सेट करणं म्हणजे खडा बसवणं, जसंच्या तसं जुळते. नाही जुळलं तं 'लावणं' घे, गजर लावणं, फास लावणं, आग लावणं, या तिन्ही जागी इंग्रजीत सेटच येते. भाव सेट करणं म्हणजे ठरवणं. आन् सूर्य सेट होणं म्हणजे सूर्य खाली बसणं, बुडणं.

आमच्या संत्र्याच्या बगीच्यातच पाहा ना. आंबिया बहारासाठी झाडाचं पाणी बंद ठेवून ताण देल्ला, मंग पाणी देऊन तो तोडला, फुलं आली, मंग पाकळ्या गळून देठावर मोहरीएवढा हिरवा मणी रायते. बोटानं हळूच हलवून पाहाचं, सुटला नाही तं आपण म्हणतो सेटिंग झाली. बाबा म्हणत, 'फळ धरलं'. मले विचारान तं बाबाचा शब्द जास्त चांगला हाय, पण आता कृषी केंद्रातून औषध आणाले गेलो का तोंडातून सेटिंगच निघते. आन् कामासाठी वशिला लावला त्याले आपण जे 'सेटिंग लावली' म्हणतो, तो अर्थ आपल्याइकडचाच, पोरीनं पेपरात लिहू नये.

प्रश्न : समजलं भाऊ. पण ते विचारते, का सूर्य बुडतो लिहू का बुडाला?

उत्तर : बुडाला. सेटचं भूतकाळाचं रूप बी सेटच रायते, आन् रोजचं सांगाचं असतं तं सेट्स झालं असतं. इथं शेवटी एस नाही. तिले म्हणा लिही, सूर्य टेकडीमागं बुडाला.