घासून 'नवी' केलेली माउजर : अभिनंदन नक्की कसलं चाललंय?

ओबडधोबड

काल 'चकाचक' यांनी मंचावरच्या त्यांच्या धाग्यात ओहायोहून फोटो टाकले. जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फ कारखान्याची टाइप बी माउजर शिकारी रायफल, ७×५७ काडतुसाची, दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली. मथळा : 'म्हातारी दोन वीकेंडांत नवरी!' ऑर्बिटल सँडर, १२० नंबरचा पेपर, ग्लॉस पॉलियुरेथेनचे (चकचकीत प्लॅस्टिकी व्हार्निशचे) तीन हात, नळी बफ करून गरम ब्लूइंग (गरम टाकीत बुडवून पोलादावर चढवलेला निळा-काळा रंग). खाली 'वा वा', 'हात लागले की सोनं'. तिथे लिहिलं असतं तर रंगाचा बेरंग झाला असता, म्हणून इथे लिहितोय.

चौथा फोटो मोठा करा. रिसीव्हरच्या (नळीमागच्या, बोल्ट बसतो त्या धातूच्या भागाच्या) कडेला लाकूड धातूच्या खाली गेलंय. जुने कारागीर लाकूड धातूपेक्षा केसभर वर ठेवत, पुढे कुणी दोनदा साफ केलं तरी पातळी जुळावी म्हणून. ती सगळी शिल्लक एका दुपारी भुकटी होऊन उडाली. बटप्लेटची (खांद्याला टेकणाऱ्या टोकावरच्या पट्टीची) कड आता लाकडाबाहेर आलीय, बोट फिरवलं तर नख अडकेल. चेकरिंगचे (पकडीसाठी लाकडात कोरलेल्या जाळीचे) हिरे माथ्यावर सपाट झालेत आणि मधल्या चरांत पॉलियुरेथेन पाकासारखं साठलंय. धातूवर बफिंग व्हील फिरलंय, त्यामुळे अक्षरांच्या कडा पुसट झाल्यात आणि स्क्रूची भोकं बशीसारखी पसरलीत.

या दस्त्याला (रायफलीच्या लाकडी भागाला) सँडर लागतच नव्हता. जेल स्ट्रिपर (जुनं फिनिश सोडवणारा लेप) लावायचा, वीस मिनिटांनी प्लॅस्टिकच्या पट्टीने काढायचा. चेकरिंगमध्ये टूथब्रश. मग खड्डे वाफेवर उचलायचे. ओलं सुती फडकं चार पदरी करून खड्ड्यावर ठेवायचं, इस्त्रीचं टोक पाच-सहा सेकंद टेकवायचं, असं सात-आठ वेळा. दाबलेले तंतू फुगून वर येतात. तुटलेले येत नाहीत, तिथे इस्त्री करत बसू नका. आधी फिनिश निघालेलं हवं, नाहीतर वाफ आत शिरत नाही. शेवटी पेपर लागलाच तर २२०, तोही कडक ठोकळ्यावर गुंडाळून, धातू जागेवर ठेवून. नुसत्या बोटांनी घासलं की मऊ रेषा खोल जातात, कडक रेषा वर राहतात, आणि उन्हात तिरकं धरलं की दस्ता पत्र्याच्या पन्हाळीसारखा दिसतो.

चकाचक

माझीच रायफल, माझंच अक्रोड. म्युझियमला द्यायची नाहीये, हरणाच्या हंगामात वापरायचीय. पेनसिल्व्हेनियात नोव्हेंबरच्या पावसात तुम्हा जुन्या वळणाच्या लोकांचं जवसाचं तेल किती टिकतं ते सांगा. बॉइल्ड लिनसीडवर (तेच जवसाचं) पाण्याचा थेंब अर्धा तास राहिला की पांढरा डाग आणि रवाळ लाकूड. पॉलियुरेथेनवरून थेंब घरंगळतो. आणि चकाकीचं एवढं वावडं असेल तर रॉय वेदरबीने १९४५ पासून तीच विकली, लोकांनी रांगा लावून घेतली.

पटाशी

वेदरबीने स्वतःच्या नव्या रायफलींवर चकाकी चढवली. जुन्या माउजरवर नाही. हा फरक लक्षात येत नसेल तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

पण पाण्याचा मुद्दा बरोबर आहे, मान्य करणं जिवावर आलं तरी. मात्र पाणी दस्त्याच्या बाहेरून कमी आणि आतून जास्त शिरतं. बटप्लेट काढा. खाली उघडा एंडग्रेन (तंतूंची कापलेली तोंडं), स्ट्रॉच्या जुडीसारखा. नळीच्या खाचेत बघा, कोरं लाकूड. बाहेर तीन हात पॉलियुरेथेन आणि आत काहीच नाही, म्हणजे छत्री धरून अनवाणी चालणं. फोरएंड (दस्त्याचा नळीखालचा पुढचा भाग) ओल धरतो, वाकतो, नळीला एका बाजूने रेटतो आणि नेम सरकतो. मग माणूस स्कोपला शिव्या घालतो. आतला सगळा भाग आणि बटप्लेटखालचा एंडग्रेन पातळ केलेल्या स्पार व्हार्निशने दोन-तीनदा बंद करा. एंडग्रेनला तर पिणं थांबेपर्यंत पाजा. बाहेर मग तेल लावा नाहीतर तूप.

चकाचकराव, तुमच्या खाचेचा फोटो टाका. आत काही लावलंय का?

चकाचक

आत नाही लावलं. लावीन.

तेलकट

'तेल लावा नाहीतर तूप' हे असं उडवून लावता, तिथेच सगळा घोळ आहे. कुठलं तेल? इथले अर्धे लोक जवसाचं तेल म्हणून चटणीवर घ्यायचं कोल्डप्रेस्ड तेल दस्त्याला फासतात आणि महिनाभराने विचारतात, चिकट का? ते कच्चं आहे! वाळायला आठवडेच्या आठवडे घेतं, आणि दमट हवेत त्यावर बुरशी धरते. 'बॉइल्ड' म्हणजेही घरी उकळलेलं नव्हे. त्यात कोबाल्ट, मँगनीजचे ड्रायर घातलेले असतात. आपले रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात, ते. गॅसवर जवसाचं तेल उकळून ते बनत नाही, आग मात्र लागते.

चिंध्यांचं तर कुणी बोलतच नाही. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला की तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती कोंडते आणि चिंधी आपोआप पेटते. काडी लागत नाही. दोरीवर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवा.

लावायची पद्धत : पाच-सहा थेंब, तळहाताने गरम होईपर्यंत चोळायचं, उरलेलं पुसून काढायचं, चोवीस तास थांबायचं. असे दहा-बारा हात. घाई करून एक जाड थर दिलात की वरची साय वाळते, खालचं ओलं राहतं, आणि हाताचे ठसे कायमचे.

मोरपंखी

तेलकट, धागा चकाकीवर होता. तुम्ही प्रत्येक धागा बेलतेलावर का नेता?

तेलकट

कारण प्रत्येक धाग्यात तेच चुकतं. मोरपंखी, तुम्ही ट्रू-ऑइल (बाटलीत मिळणारं तयार फिनिश) लावून 'हँड रब्ड ऑइल फिनिश' लिहिता ना? त्यात जवसाचं तेल आहे, पण सोबत राळही आहे. ते व्हार्निशचं चुलत भावंड. तेल म्हणून खपवू नका.

मोरपंखी

चुलत भावंड तर चुलत भावंड. दोन तासांत वाळतं, पाणी झेलतं, ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी परत लावता येतं. पॉलियुरेथेनला ते जमत नाही, नव्या थराची कड दिसत राहते. टंग तेलही चांगलं, जवसापेक्षा कडक आणि पाण्याला जास्त दाद न देणारं. ते सोडून शंभर वर्षांपूर्वीच्या अडचणींची पूजा का करायची? इंग्रज कारागिरांकडे ट्रू-ऑइल असतं तर त्यांनी तेच लावलं असतं.

तेलकट

लंडनच्या कारागिरांनी तेलात अल्कानेटचं मूळ मुरवलं, म्हणून अक्रोडाला तो लालसर खोल रंग येतो. तो तुमच्या बाटलीत मिळत नाही. आपल्याकडे मसाल्याच्या दुकानात रतनजोत मिळते, रोगनजोशला रंग देणारी. झाड तेच नव्हे, पण रंगद्रव्य भावकीतलं. मुळ्या कोमट तेलात आठ-दहा दिवस ठेवा, पाण्यात टाकू नका, पाण्यात रंग उतरत नाही.

कोरडवाहू

रतनजोत मागताना सांभाळून. डिझेलच्या बियांच्या जट्रोफालाही रतनजोतच म्हणतात. कुणी बिया तेलात टाकून बसेल.

तेलकट

मुळ्या लिहिलंय. वाचत जा.

इशापूरवाला

ओहायो-पेनसिल्व्हेनियाचं कौतुक चालू द्या. इथे पुण्यात आजोबांची रायफल हातात घेऊन असला छंद करून दाखवा. आर्म्स ॲक्ट, १९५९, कलम ५ : दुरुस्ती आणि फेरफारालाही परवाना लागतो. म्हणजे साफसफाई करा, बाकी परवानाधारक गनस्मिथकडे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीने शिकार संपली आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे दोनच हत्यारं. घरात वारशाने तिसरं असेल तर ते जमा. शंभर वर्षांचं अक्रोड पोलीस ठाण्याच्या मालखान्यात वाळवीच्या स्वाधीन होतं आणि तुम्ही चकाकीवर भांडताय.

आणि ज्यांच्याकडे अजून आहेत त्यांनी गनस्मिथला एक गोष्ट बजावून सांगा. एसएमएलई घाटाच्या (जुन्या ब्रिटिश लष्करी ली-एनफिल्ड) रायफलीचा बट, म्हणजे खांद्याकडचा लाकडी भाग, काढायचा असेल तर आधी फोरएंड उतरवायचा. बटच्या आतल्या बोल्टचं चौकोनी टोक फोरएंडमधल्या पट्टीत अडकलेलं असतं. फोरएंड जागेवर ठेवून लांब स्क्रूड्रायव्हरने बोल्ट फिरवला की फोरएंड मागच्या बाजूने फाटतो. किती तरी फोरएंड असे फाटलेले दिसतात, आणि दोष लाकडावर जातो.

पटाशी

कायद्याबद्दल सहानुभूती आहे, पण तो वेगळा धागा. फोरएंडची माहिती मात्र लाखमोलाची.

माउजरवाल्यांनीही टँगकडे (रिसीव्हरच्या मागच्या शेपटीकडे) बघावं. जुन्या दस्त्यांना टँगच्या मागे चीर असते. कारण दोन : टँग लाकडाला घट्ट भिडलेला, आणि वर्षानुवर्षं रायफल बटावर उभी ठेवल्याने बंदुकीचं तेल खाली झिरपून तिथलं लाकूड मऊ झालेलं. प्रत्येक बार उडाला की टँग पाचरीसारखा मागे ठोकला जातो. टँगमागे अर्धा मिलिमीटर फट ठेवा. रिकॉइल लगचा (धक्का लाकडावर घेणाऱ्या, रिसीव्हरखालच्या खुंटाचा) फक्त मागचा चेहरा लाकडाला किंवा बेडिंगला (रिसीव्हरखाली भरलेल्या इपॉक्सीला) टेकला पाहिजे. पुढे, खाली आणि बाजूंना टेपची जाडी सोडा. तेलकट लाकडावर इपॉक्सी धरत नाही, म्हणून आधी खडूची भुकटी ॲसिटोनमध्ये कालवून लेप द्यायचा, वाळला की पिवळट होतो, ब्रशने झाडायचा, असं तीन-चार वेळा, लेप पांढरा राहीपर्यंत. उघड्या हवेत करा, ॲसिटोन आहे.

मोरपंखी

लाकडावरच सगळे तुटून पडलेत. धातूचं काय? चकाचक, त्या माउजरची मागची साईट मऊ सोल्डरने बसवलेली होती का हे गरम टाकीत घालण्याआधी पाहिलंत?

चकाचक

टाकी १४० अंशांची. मऊ सोल्डर वितळतं १८० च्या पुढे. एवढं गणित येतं मला.

मोरपंखी

वितळत नाही हो, खाल्लं जातं! टाकीत कॉस्टिक सोडा असतो, तो शिसं आणि कथील खातो. म्हणून तर दुनळी कधी गरम टाकीत घालत नाहीत, रिब (दोन नळ्यांमधली पट्टी) सुटून येते. शिवाय सांध्यात क्षार अडकतात आणि सहा महिन्यांनी साईटच्या बुडातून पांढरी पूड आणि गंज बाहेर येतो. आजच साईटच्या कडेला भिंगातून बघा.

जुन्या नळीला स्लो रस्ट ब्लूइंग. ३२० पर्यंतच पॉलिश, हाताने, लांबीच्या दिशेने. आरशासारखी केली तर रंग सारखा धरत नाही. तेलाचा अंश नको, उघडा हात नको, नळीचं भोक बुचाने बंद. गंज आणणाऱ्या द्रावणाचा एकच पातळ हात, परत त्याच जागेवरून फिरवायचं नाही. दमट पेटीत काही तास ठेवलं की नारिंगी गंजाची मखमल येते. मग डिस्टिल्ड पाण्यात दहा मिनिटं उकळायचं, तांबडा गंज काळा होतो. नळाच्या पाण्याने ठिपके पडतात. काळी मखमल स्टील वूलने उतरवायची. वूल आधी ॲसिटोनमध्ये धुवा, कारखान्यातून ते तेल लावूनच येतं. असे सहा ते दहा फेरे, आणि शेवटी खाण्याच्या सोड्याने आम्ल मारून तेल.

कोरडवाहू

कोकणात जुलैत दमट पेटीची गरज नाही. नळी ओसरीवर ठेवली तरी पुरे.

ओबडधोबड

मूळ मुद्दा : सगळ्याच रायफली जपा असं माझं म्हणणं नाही. युद्धानंतर अमेरिकेच्या बाजारात पोत्याने आलेल्या लष्करी माउजर आणि स्प्रिंगफील्ड लोकांनी गॅरेजमध्ये कापून स्पोर्टर (शिकारी रायफली) केल्या. १९६८ च्या बंदूक कायद्याआधी त्या टपालानेही येत. कुणीतरी लाकूड आधीच कापलंय, रिसीव्हरला स्कोपची भोकं पाडलीत, तिथे हवं ते करा. फक्त १९०३ स्प्रिंगफील्डचा नंबर बघा. स्प्रिंगफील्ड आर्मरीचा ८,००,००० च्या खालचा किंवा रॉक आयलंडचा २,८५,५०७ च्या खालचा असेल तर रिसीव्हर ठिसूळ असू शकतो. तो भिंतीवर लावा, त्यावर रायफल बांधू नका. पण ओबर्नडॉर्फच्या कारखान्यातून स्पोर्टिंग म्हणूनच निघालेली टाइप बी, मूळ लाकडासकट, हा कच्चा माल नव्हे.

चकाचक

तुमच्यासारखे लोक असतात म्हणून नवीन माणूस या छंदात यायला घाबरतो. विचारलं तर 'जुने धागे वाचा', न विचारता केलं तर फाशी.

पटाशी

फाशी सोडा. दस्ता अजून हाताळण्यासारखा आहे. पॉलियुरेथेन आहे म्हणून साधा स्ट्रिपर दोन-तीनदा लावावा लागेल, प्लॅस्टिकखाली झाकून ठेवा म्हणजे वाळणार नाही. चेकरिंग उपसून काढायचं : ६० अंशांचं एकधारी टूल, जुन्याच चरांतून, पुढे-मागे छोटे फटके. जुन्या रेषा इंचाला किती आहेत ते आधी मोजा, नवं अंतर लादू नका. हिऱ्यांचे माथे टोकदार झाले की थांबा. खाली गेलेलं लाकूड मात्र परत येत नाही.

चकाचक

स्ट्रिपर मागवलाय. साईटच्या बुडाशी भिंगातून बघितलं, डाव्या कडेला पांढरं काहीतरी आहे. मोरपंखी, खूश?

मोरपंखी

नाही. आधी उकळत्या पाण्यात धुऊन काढा, दोन-तीनदा पाणी बदलून. लगेच वाळवा, मग पाणी हाकलणारं तेल. साईट हलतेय का ते त्यानंतर बघू.

तेलकट

आणि स्ट्रिपरनंतर तेल कुठलं लावणार ते सांगितलं नाहीत.

चकाचक

ट्रू-ऑइल.

तेलकट

देवा.