मदत हवी आहे: ऑनलाइन वर्गात वाचनाची गोडी कशी लावायची?

नमस्कार. चौथी-पाचवीच्या मुलांना ऑनलाइन शिकवते. स्टोरीवीव्हर या मुलांच्या पुस्तकांच्या मोफत वेबसाइटवरच्या गोष्टी स्क्रीन शेअर करून वाचते. तिथे वाचनाच्या चार पातळ्या आहेत, त्यामुळे अडखळत वाचणाऱ्यांचीही सोय होते. गोष्ट ऐन रंगात आली की थांबायचं, ही युक्ती चालते. तास संपला तरी ‘टीचर, पुढे काय झालं?’ असे मेसेज येत राहतात. पण आपणहून पुस्तक उघडणारी मुलं अगदी थोडी. ब्रेकआउट रूममध्ये, म्हणजे ऑनलाइन वर्गातल्या छोट्या वेगळ्या गटात, जोडीनं वाचायला दिलं की नुसत्या गप्पा (चालायचंच!). वाचनाच्या नोंदी, प्रश्नमंजूषा मला नकोत, त्यानं वाचनाचाही गृहपाठ होतो. कॅमेरे बंद ठेवून दहा मिनिटं मूकवाचन कुणी करून पाहिलंय का? मुलं खरंच वाचतात की गेम खेळतात? आणि पुस्तकाची निवड पूर्णपणे त्यांच्यावर सोडावी का?