कोबाल्ट निळा नसतो, लेको!

शिसपेन्सिल:
मूलद्रव्यांना माणसाचं रूप देणारी ती मालिका, आणि तिच्यात आपलंही एक पात्र घुसवायची हौस. इथवर ठीक. पण काल इथं कुणीतरी टाकलेलं कोबाल्टचं पात्र पाहून डोकं उठलं. निळे केस, निळे डोळे, निळा कोट, छातीवर अणुक्रमांक २७ आणि खाली ‘स्वभाव : शांत, थंड’. वर वाहवा!

अहो, कोबाल्ट धातू करडा असतो. निकेलशेजारी ठेवला तर नुसत्या डोळ्यांना फरक पटकन कळायचा नाही. निळा असतो तो कोबाल्ट ॲल्युमिनेट, कोबाल्ट आणि ॲल्युमिनियमचं संयुग, १८०२ साली थेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं केलेलं. म्हणजे तुम्ही मूलद्रव्य नाही, रंगाची ट्यूब काढलीत. आणि शांत कशावरून? जर्मन खाणकामगारांनी याला भुताचं नाव दिलं, कोबोल्ड. खनिज भट्टीत घातलं की हवा तो धातू हाती लागायचा नाही, वर आर्सेनिकचा विषारी धूर. हा तर पक्का ठक! लोखंडाचं चुंबकत्व ७७० अंशांना सुटतं, याचं ११०० च्या पुढं जाऊन. धरलेलं सोडत नाही. आधी असे पाच गुणधर्म कागदावर लिहा, त्यांतून स्वभाव काढा, मग देहबोली. रंग शेवटी.

निळीशाई:
ते पात्र माझं आहे. पाच गुणधर्म नाही, पंधरा लिहून काढले होते. पण चित्र बघणारा आधी वाचत नाही, बघतो. ६४ पिक्सेलच्या चौकटीत पात्र ओळखू आलं पाहिजे, तिथं चुंबकत्व दिसत नाही. सोनं, तांबं, सीझियम असे मोजके सोडले तर झाडून सगळे धातू करडे-पांढरे. तुमच्या नियमानं काढले तर ती पलटण नव्हे, स्टीलच्या डब्यांचं दुकान होईल.

आणि करडा रंग सपाट भरला की धातू दिसत नाही, सिमेंट दिसतं. गडद पट्ट्याला लागून एकदम उजळ पट्टा हवा, मधली छटा जवळपास नकोच. एवढं केसांत करत बसलं की चेहरा हरवतो. रंग काढून चित्र कृष्णधवल करून बघा एकदा, मग शिकवा.

बाकी नाव शिसपेन्सिल आणि आत ग्राफाइट. सुरुवात घरातूनच करा की.

गोदाकाठ:
काहून भांडायलात? करडाच हवा तर जस्त घ्या, मराठवाड्यात जस्ताच्या पत्र्यांना काय कमी? नव्या पत्र्यावर ती बर्फाच्या फुलांसारखी नक्षी दिसती ना, ते जस्ताचे स्फटिक. तेच कपड्यावर छापा. स्वभाव पण आयता. पत्र्याला ओरखडा पडला तर आधी जस्त झिजतं, लोखंड वाचतं. थंडीत ठिसूळ, १०० ते १५० अंशांत वाकेल तसं वाकतं, २०० च्या पुढं पुन्हा ठिसूळ. म्हणजे रागावला की ऐकतो, लई रागावला की तुटतो. आणि पोशाख जस्ताच्याच बिदरी कामाचा! काळ्यावर चांदीच्या तारेची वेल. बिदरी म्हणजे आपल्या संभाजीनगरची शान.

काळापत्थर:
‘आपली’? नावातच बिदर आहे राव. जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, बिदरच्या नावावर आहे. संभाजीनगरात काम होतं, मान्य, पण शान म्हणायची तर हिमरूचं कापड म्हणा.

गोदाकाठ:
१९५६ पर्यंत बिदर आणि आपण एकाच हैदराबाद राज्यात होतो. कारागीर काय सीमा विचारून ठोकत होते का? रेघ दिल्लीनं मारली, छिन्नीनं नाही.

काळापत्थर:
रेघ कुणीही मारो, माती बिदरच्या किल्ल्यातलीच लागते.

शिसपेन्सिल:
विषय कोबाल्टचा होता. पण जस्ताची सूचना चांगली आहे. बघा, निळीशाई, याला म्हणतात मूलद्रव्यातून निघालेला पोशाख. काळा रंग जस्ताचा स्वतःचा, उसना नाही.

खडूधूळ:
थांबा. इथंच गाडी घसरली.

बिदरीचं ओतकाम म्हणजे जस्त सोळा भाग आणि तांबं एक भाग, असं साधारण प्रमाण. वाळूच्या साच्यात ओतायचं, कानशीनं घासायचं, मग मोरचूदाचं पाणी फासायचं. त्यानं येतो तो तात्पुरता काळा, कोरलेली रेघ पांढरी दिसावी म्हणून. रेघेत चांदीची तार ठोकायची, पुन्हा घासून तो काळा काढून टाकायचा. मग वस्तू जरा तापवून किल्ल्यातली माती आणि नवसागराचा लेप. टिकाऊ काळा तिथं येतो, चांदी तशीच राहते. शेवटी तेलाचा हात.

आता मेख. शुद्ध जस्तावर हाच लेप लावलात तर तसा काळा चढत नाही. लेप पृष्ठावरचं जस्त खातो, मागं उरलेलं तांबं काळं पडतं. म्हणजे शिसपेन्सिलराव, तुमचा ‘स्वतःचा’ काळा सोळा भागांना एक असलेल्या तांब्याचा आहे. कोबाल्टला ॲल्युमिनियम चालत नाही आणि जस्ताला तांबं चालतं, हा कुठला न्याय?

काळापत्थर:
मातीशिवाय तरी होतो का?

गोदाकाठ:
हा अजून मातीतच अडकलाय.

शिसपेन्सिल:
बरं. तांब्याचं ध्यानात नव्हतं. बिदरीचा कोट मागं घेतो, पत्र्याची फुलं राहू द्या. पण म्हणून डोक्यापासून पायापर्यंत निळा बरोबर ठरत नाही.

हमाल_दे_धमाल:
अजिंठ्यात निळा आहेच की, तोही कोबाल्टच असेल.

खडूधूळ:
नाही हो. तो लाजवर्द, दगड दळून केलेला. कोबाल्ट निळ्याच्या कित्येक शतकं आधीचा.

निळीशाई, एक सुचवतो. कोबाल्ट क्लोराइड कोरडा असला की निळा, ओल लागली की गुलाबी. सिलिका जेलच्या जुन्या पुड्यांतले निळे दाणे आठवा. अंग, केस करडे ठेवा, कोटाचं फक्त अस्तर निळं. पाऊस किंवा घाम आला की काठापासून वर गुलाबी चढत जाईल. संयुगच आहे, पण इथं रंग काहीतरी करतो, नुसता बसून राहत नाही.

गोदाकाठ:
आपल्याकडं मग आठ महिने निळाच राहणार तो.

निळीशाई:
अस्तर घेते. केस करडे करते, पण एक बट निळी राहणार, त्यावर चर्चा नाही. २७ छातीवरून काढते. त्याऐवजी कोबाल्टच्या अणूतले इलेक्ट्रॉन कवचांत वाटले जातात तशी २, ८, १५, २ बटणं लावून पाहिली, पंधराची ओळ छोट्या चित्रात मुंग्यांची रांग दिसते. आता कोटाच्या काठाला चार पट्टे, दोन बारीक, एक मध्यम, एक रुंद. शिसपेन्सिलराव, कोबोल्डचा ठक पण घेतला. हसताना एकच भुवई वर.

शिसपेन्सिल:
डावी ठेवा. आणि पट्ट्यांचा क्रम आतून बाहेर, नाहीतर तांबं-कोबाल्ट एकच दिसतील. तांब्याचा २, ८, १८, १ आहे.

काळापत्थर:
किल्ल्यातल्या मातीबद्दल अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.