कुणी आडवं नसताना गाडी स्वतःच ब्रेक मारते. दोष गाडीचा की रस्त्याचा?

तिसरी_लेन:

नमस्कार मंडळी. प्रश्न ऑटो ब्रेकचा आहे, ज्याला एईबी म्हणतात त्याचा. गाडी तीन वर्षांची. पहिली पावणेतीन वर्षं मला या प्रकाराबद्दल चकार शब्द काढायची वेळ आली नाही. उलट एकदा पुढची गाडी अचानक थांबली, तेव्हा माझा पाय पोचायच्या आत हिनेच ब्रेक लावला होता आणि मी तिला "थँक्यू गं" म्हटलं होतं. मोठ्याने. गाडीत एकटीच होते.

गेल्या दोन महिन्यांत मात्र चार वेळा समोर रस्ता मोकळा असताना तिने कचकन ब्रेक मारला. त्यातली दुसरी वेळ सांगते, कारण तीच डोक्यातून जात नाही. वेग सत्तरच्या आसपास. रस्ता पुढे उजवीकडे वळतो आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे माझ्या डावीकडे, पांढऱ्या पट्टीच्या पलीकडे एक ट्रक उभा होता. नीट कडेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी स्टिअरिंग वळवायला घेणार, तोच मीटरवर लाल चित्र, टीं-टीं-टीं, सीटबेल्ट छातीवर आवळला आणि गाडी पुढच्या चाकांवर वाकली. सेकंद-दीड सेकंदाचा खेळ. सोडलं तेव्हा काटा पन्नासच्या खाली होता. शेजारी सासूबाई होत्या. त्यांच्या मांडीवरचा चष्मा डॅशबोर्डवर आपटून खाली गेला. त्यांनी विचारलं, "काय आलं गं आडवं?" मला उत्तर देता येईना. आरशात बघितलं तर मागच्या गाडीचं नाक इतकं जवळ होतं की तिची नंबरप्लेट दिसत नव्हती.

बाकीच्या तीन: एकदा तेच वळण, ट्रकऐवजी नुसता लोखंडी कठडा. एकदा दुसऱ्या एका वळणावर कडेला बंद पडलेली गाडी. आणि एकदा अगदी सरळ रस्त्यावर, खोदकामावर टाकलेल्या लोखंडी प्लेटवरून जाताना.

सर्व्हिस सेंटरला दोनदा जाऊन आले. स्कॅनर लावला, "एरर कोड नाही मॅडम, सिस्टिम ओके आहे" म्हणाले. सॉफ्टवेअर अपडेट करून दिलं. त्यानंतर आठवड्याने चौथी वेळ झाली.

मला इतकंच विचारायचंय की ही गाडीची तक्रार आहे की या सोयीचा स्वभावच असा आहे? आणि बंद करून टाकावी का?

---

निवांत:

बंद करा आणि सुखात राहा. मी गाडीत बसल्याबसल्या पहिलं काम तेच करतो. तीस वर्षं माझा ब्रेक मीच मारतोय.

---

रात्रपाळी:

बंपर आणि आरशामागची काच आधी ओल्या फडक्याने पुसून बघा. हसू नका, माझ्या गाडीवर चिखल सुकला होता. पण माझ्याकडे "सेन्सर झाकला आहे" असा मेसेज तरी येत होता.

---

काचवाला:

ताई, मी काचा बसवण्याच्या धंद्यात आहे. गेली काही वर्षं निम्मा वेळ काच बसवण्यात जातो आणि निम्मा तिच्यामागचा, ऑटो ब्रेकला समोरचं दाखवणारा कॅमेरा सरळ करण्यात. म्हणून आधी दोन प्रश्न: पुढची काच बदलली होती का? आणि पुढच्या बंपरला काही काम झालं होतं का, साधं रंगाचंसुद्धा?

विचारायचं कारण तुमच्याच यादीत आहे. चारांपैकी तीन वेळा वस्तू डाव्या कडेला होती. ब्रेक कुठेही, कसेही लागत असते तर मी वेगळा विचार केला असता.

बहुतेक गाड्यांत बंपरच्या किंवा पुढच्या जाळीच्या मागे रडार असतो, 76-77 गिगाहर्ट्झचा. त्याची लहर जेमतेम 4 मिलिमीटरची. समोरची वस्तू किती लांब आहे आणि किती वेगाने जवळ येतेय हे त्याला झकास कळतं. ती नेमकी कुठल्या दिशेला आहे हे मात्र तो स्वतःच्या नाकाच्या रेषेवरून ठरवतो. नाकच वाकडं बसलं असेल तर? हिशेब करा: 1 अंशाची चूक 100 मीटरवर पावणेदोन मीटर होते. साडेतीन मीटरची लेन धरली तर बरोब्बर अर्धी लेन. म्हणजे रडार अंशभर डावीकडे कलला की पट्टीपलीकडचा ट्रक त्याच्या लेखी तुमच्या लेनमध्ये.

वळणावर हे जास्त का होतं? तुम्ही स्टिअरिंग वळवण्याआधीच्या क्षणी गाडीला वाटतं आपण सरळ जाणार. तिचा अंदाज स्टिअरिंगचा कोन आणि गाडी किती वळतेय यावर बांधलेला असतो, पुढचा रस्ता तिला तुमच्याइतका दिसत नाही. तेव्हा बाहेरच्या कडेचा कठडा किंवा ट्रक क्षणभर खरोखरच नाकासमोर असतो. चांगला जुळवलेला रडार आणि कॅमेरा एवढं सांभाळून घेतात. आधीच वाकडा असेल तर तेवढी फट पुरते.

एरर कोड नाही, यावर जाऊ नका. थोडी चूक रडार आपली आपण सुधारून घेतो, मोठी असली तर दिवा लागतो. मधल्या पट्ट्यातली चूक ना सुधारली जाते ना सांगितली जाते. आमच्याकडे डोकेदुखी घेऊन येतात त्या गाड्या बहुधा याच पट्ट्यातल्या.

---

चाचणीपट्टी:

काचवाल्यांशी सहमत. लोखंडी प्लेटचं मी सांगतो, कारण ती गोष्ट वेगळी आहे. माझं काम गाड्यांच्या चाचण्यांचं.

रडार वेगावरून वस्तू वेगळ्या काढतो. चालत्या गाडीचा वेग रस्त्यापेक्षा वेगळा, त्यामुळे ती लगेच उठून दिसते. पण उभी गाडी, कठडा, पाटी, गटाराचं झाकण, डोक्यावरचा पूल हे सगळं तुमच्याकडे एकाच वेगाने येतं, तुमच्याच. त्यातलं धोक्याचं कोणतं हे नुसत्या वेगावरून सांगता येत नाही. त्यात जुन्या पद्धतीच्या रडारला उंची फारशी कळत नाही. लोखंडी प्लेट रडारची लहर जोरात परत फेकते आणि ती जमिनीवर सपाट पडली आहे की समोर उभी आहे, हे ठरवायला कॅमेऱ्याची साक्ष काढावी लागते. कॅमेऱ्यासमोर ऊन असलं, सावली असली, की साक्षीदार अडखळतो.

हे इतकं माहितीतलं आहे की अमेरिकेने 2024 साली जाहीर केलेल्या नियमात दोन चाचण्या खास खोट्या ब्रेकसाठी आहेत: एक, रस्त्यावर ठेवलेल्या लोखंडी प्लेटवरून जायचं, दोन, दोन उभ्या गाड्यांच्या मधून जायचं. दोन्हीत गाडीने उगाच जोरात ब्रेक लावता कामा नये. तुमच्या चारही घटना या दोन चाचण्यांच्या सख्ख्या बहिणी आहेत.

सोयीचा स्वभाव म्हणाल तर गाडीला दोनच वाटा असतात. खात्री होईपर्यंत थांबायचं, तर खात्री होते तेव्हा जागा उरलेली नसते. लवकर ठरवायचं, तर कधीतरी कठड्याला ट्रक समजायचं. संयुक्त राष्ट्रांच्या 152 क्रमांकाच्या नियमात आणीबाणीच्या ब्रेकच्या किमान 0.8 सेकंद आधी इशारा द्यावा असं आहे. सत्तरच्या वेगात 0.8 सेकंद म्हणजे साडेपंधरा मीटर. एवढ्या जागेत हा सगळा निवाडा.

@निवांत, तुमच्या तीस वर्षांबद्दल आदर आहे. पण अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने प्रत्यक्ष अपघातांच्या नोंदी तपासल्या, त्यात इशारा आणि ऑटो ब्रेक असलेल्या गाड्यांनी पुढच्या गाडीला मागून ठोकण्याचं प्रमाण साधारण निम्म्यावर आलेलं दिसलं. तीस वर्षांत एकदाच लागणारी गोष्ट आहे ती. त्या एका दिवशी ती बंद असेल.

आणि ताई, एक कामाची गोष्ट, जी मॅन्युअलच्या पानांत पुरलेली असते. उगाच ब्रेक लागला आणि समोर काही नाही याची तुम्हाला खात्री असेल, तर ॲक्सिलरेटर ठामपणे दाबा. त्या 152 क्रमांकाच्या नियमानुसार चालकाला मध्ये पडून ब्रेक सोडवता आला पाहिजे. बऱ्याच गाड्यांत तो असाच सुटतो, पण तुमच्या गाडीत कसा सुटतो ते मॅन्युअलमध्ये एकदा बघून ठेवा. घाबरून आपला पाय नेमका ब्रेकवर जातो आणि गाडीला वाटतं, बघा, यांनाही पटलं.

---

निवांत:

घ्या. आता गाडीला काय वाटतं याचाही विचार करायचा. असो, निम्म्याचा मुद्दा घेतला.

---

तिसरी_लेन:

@काचवाला, तुमचा प्रतिसाद वाचून मी अक्षरशः खाली पार्किंगमध्ये जाऊन आले. काच बदललेली नाही. पण बंपर! अडीच महिन्यांपूर्वी माझ्या धाकट्या दिरांनी गाडी खांबाला टेकवली होती. "वहिनी, नुसता ओरखडा आहे" म्हणाले, बाहेरच्या बाहेर पुट्टी भरून रंगवूनही आणली. रंग इतका हुबेहूब जुळला की मी विसरूनच गेले होते. सर्व्हिस सेंटरमध्येही सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

आता बॅटरी लावून जाळीतून बघितलं. आत एक काळा चपटा डबा आहे, तळहाताएवढा. तो ज्या पत्र्याच्या पट्टीवर बसलाय तिची डावी बाजू किंचित मागे गेल्यासारखी वाटते. की मला आता तसंच दिसतंय?

---

काचवाला:

तसंच दिसत असेल तर तसंच असेल. डावी बाजू मागे म्हणजे नाक डावीकडे. त्याला हात लावू नका, ठोकून सरळ तर मुळीच करू नका. पट्टी बदलून घ्या, मग रडारचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची दिशा नव्याने जुळवणं. गाडी सपाट जमिनीवर उभी करून, चाकांत हवा बरोबर, डिकी रिकामी, समोर ठरलेल्या अंतरावर लक्ष्य ठेवून करतात. काही गाड्यांत शिवाय रस्त्यावर ठरावीक वेगाने चालवूनही करतात. कुणी पाच मिनिटांत "झालं" म्हणालं तर झालेलं नाही. आधीचा कोन आणि नंतरचा कोन, दोन्ही छापून मागा.

पुट्टीचंही सांगा त्यांना. रडार बंपरच्या प्लास्टिकमधून बघतो. त्याच्यासमोर पुट्टीचा थर आणि धातूचा चुरा असलेला रंग आला, तर दिशा आणि ताकद दोन्ही बिघडतात. तेवढ्या भागात पुट्टी भरूच नये, बंपर बदलावा.

---

तिसरी_लेन:

जवळपास महिन्याने लिहितेय, उशीर झाला.

दुसऱ्या ठिकाणी नेली. आधी त्यांनीही "कोड नाही" म्हटलं, तेव्हा मी पट्टीचा फोटो दाखवला. मग एका मुलाने बंपर उतरवला. पट्टी वाकलेली होतीच, शिवाय एका क्लिपची टाच तुटून डबा एका बाजूने सैल झाला होता. बोटाने दाबला की हलायचा. पुट्टी रडारच्या समोर नव्हती, चार बोटं बाजूला होती, त्यामुळे बंपर वाचला. दिरांचं नशीब. पट्टी आणि क्लिप नवी, कॅलिब्रेशनला दीड तास. कागदावर आधीचा कोन डावीकडे 1.3 अंश, नंतरचा 0.1. मी त्या मुलाला म्हटलं, म्हणजे 100 मीटरवर सव्वादोन मीटर. तो चमकून बघायला लागला.

त्यानंतर त्या वळणावरून रोज जातेय. दोनदा तिथे ट्रक उभा होता, तसाच, कडेला. काही नाही. मीटरवर पिवळं चित्रसुद्धा आलं नाही.

लोखंडी प्लेट अजून तिथेच आहे. परवा संध्याकाळी, ऊन समोरून असताना, तिच्यावरून जाताना एकदा टीं झालं. ब्रेक नाही, नुसता इशारा. पाय ॲक्सिलरेटरवर तयार होता, लागला नाही. सकाळी त्याच प्लेटवर गाडी गप्प असते.

@निवांत, बंद केलेली नाही. तसंही आमच्या गाडीत गाडी चालू केली की ती आपोआप परत चालू होते, तुम्ही रोज नेमाने बंद करता हे वाचून मला तुमच्या चिकाटीचंच कौतुक वाटलं होतं.

सासूबाईंना मी कागद दाखवून सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. पण ते वळण जवळ आलं की चष्मा पर्समध्ये ठेवतात आणि एक हात डॅशबोर्डवर.